मॅनेजमेंटमधली पीएचडी: नोकरी सांभाळून फी भरावी, की नोकरी सोडून फेलोशिप घ्यावी?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशांचा आहे, म्हणून आकडे झाकून ठेवत नाही.

मी ३४ वर्षांची. येत्या फेब्रुवारीत ३५ पूर्ण होतील. इचलकरंजीजवळच्या एका एमबीए कॉलेजात नऊ वर्षं फायनान्स शिकवते. पगार ठोक, महिना ३१ हजार, आणि मेचा पगार जुलैत झाला. मिस्टर एका प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर, त्यांचे ३८ हजार. मुलगी दुसरीत. घर स्वतःचं, त्याचा हप्ता ११,४००. सासू-सासरे सोबत असतात. गाठीशी २ लाख ६० हजार आहेत, त्यातले एक लाख पोस्टात अडकलेले.

पीएचडी दोन कारणांनी करायची आहे. पहिलं कारण नोकरीचं. पीएचडीशिवाय असोसिएट प्रोफेसर होता येत नाही, आणि कॉलेजात दर वर्षी कुणाला कमी करायचं याची चर्चा सुरू झाली की पीएचडी नसलेल्यांचीच नावं आधी निघतात.

दुसरं कारण माझ्या मनातलं आहे. माझ्या वडिलांचे आठ माग होते, खर्चीने चालायचे. बाहेरच्यांसाठी सांगते: सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपण फक्त विणून द्यायचं आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्याच्या, दराने मजुरी घ्यायची. वडिलांची एक लाल कापडी बांधणीची वही माझ्याकडे आहे. त्यात तीन रकाने आहेत: बीम (उभ्या सुताचा रूळ) आल्याची तारीख, कापड पोचवल्याची तारीख, मजुरी मिळाल्याची तारीख. पहिले दोन रकाने पेनाने लिहिलेत. तिसरा कायम पेन्सिलने, कारण व्यापारी जी तारीख सांगायचा ती पुसावी लागायची. काही ओळींत इतक्या वेळा खोडलंय की कागद पातळ झालाय.

२०२४ च्या सुरुवातीला ४३बी(एच) वरून कापड बाजारात जी खळबळ उडाली ती अनेकांना आठवत असेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर ते देईपर्यंत खर्च म्हणून आयकरात वजा मिळणार नाही, असं ते कलम. त्यानंतर खर्चीवाल्याला पैसे खरोखर लवकर मिळू लागले, की व्यापाऱ्यांनी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) नसलेले मागवाले शोधले? मला यावरच काम करायचं आहे. पेन्सिल सुटली का, एवढंच मला बघायचं आहे.

आता समोरचे रस्ते.

एक, शेजारच्या जिल्ह्यातलं खासगी विद्यापीठ. पार्ट-टाइम. फी वर्षाला १ लाख १५ हजार, "तीन वर्षांत होऊन जाईल" असं सांगतात. तिथल्याच एका ओळखीच्याने फोन करून हेही सांगितलं की चार लाख एकरकमी दिले तर पेपर, थिसिस, सगळं "बघून घेतलं जाईल". मी फोन ठेवला. पण त्या दिवसापासून त्या विद्यापीठावरचा विश्वासच उडालाय.

दोन, सरकारी विद्यापीठाचं संशोधन केंद्र. फी पेलण्यासारखी, पण नोकरी करत करायचं तर एक पैसाही मिळणार नाही.

तीन, आयआयएम. ऐकलंय की फी नसते आणि वर स्टायपेंड मिळतो. पण कॅम्पसवर राहावं लागतं, नोकरी सोडावी लागते. घरात हा विषय काढला तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगी कुणाकडं?"

गाठीचे अडीच लाख फीत घालावेत की कसं? ज्यांनी या वाटेने जाऊन पाहिलंय त्यांनी खरे आकडे सांगावेत, ही विनंती.

कोरा_कागद

ताई, फोन ठेवलात ते उत्तम केलंत. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पुढची पाच वर्षं पीएचडीला प्रवेश देण्याची मनाई केली. विकत घेतलेली पदवी आयुष्यभर मानेवर बसते.

पार्ट-टाइममध्ये गैर काही नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांनी ती रीतसर चालते. कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं आणि किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क करावाच लागतो. मात्र "तीन वर्षांत होऊन जाईल" यावर जाऊ नका. तीन वर्षं ही किमान मुदत आहे. कमाल सहा, त्यापुढे पुन्हा नोंदणी करून दोन, आणि स्त्रियांना आणखी दोन. फी मात्र बहुतेक ठिकाणी थिसिस जमा होईपर्यंत दर वर्षी चालू राहते. नोकरी आणि लहान मूल सांभाळून पाच वर्षं धरा. म्हणजे तुमचे १ लाख १५ हजार पाच वेळा, ५ लाख ७५ हजार. तुमच्या गाठीच्या दुप्पट.

आणखी एक. गाइड ठरवण्याआधी शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून वाचा. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलाय त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. "जागा करून देतो" असं कुणी म्हटलं की या आकड्यांवर तपासून घ्या.

दुसरी_पाळी

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. मी नांदेडची. २०१७ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, एमबीए विभागातली ठोक पगाराची नोकरी सोडून एका आयआयएममध्ये गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या डोक्यातला हिशेब सरळ करू. नोकरी सोडणं म्हणजे नुकसान असं आपण धरून चालतो. तुमच्या बाबतीत आकडे काय म्हणतात बघा. ३१ हजार महिना, पाच वर्षं, १८ लाख ६० हजार. थोडी वाढ धरली तर वीस म्हणा. आता जेआरएफचे, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या सरकारी फेलोशिपचे, दर घ्या, जे १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत: पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढची तीन वर्षं ४२ हजार. पहिल्या दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, पुढच्या तिन्हींचे १५ लाख १२ हजार. बरोबर २४ लाख. आयआयटीच्या मॅनेजमेंट विभागांत, पवईचं शैलेश मेहता स्कूल धरून, टीचिंग असिस्टंटशिपवर घेतलेल्यांनाही हेच दर. आयआयएमचे आकडे प्रत्येकाचे वेगळे, पण साधारण याच्या आसपास किंवा थोडे वर, आणि शिक्षण शुल्क माफ. शिवाय ही रक्कम शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती म्हणून आयकरातून सुटते. १९६१ च्या कायद्यात ते कलम १०(१६) होतं.

मला हा हिशेब कुणी मांडून दाखवला नव्हता. मी तो नांदेड-पुणे गाडीत वरच्या बर्थवर, मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर केला होता. नोकरी सोडल्यावर.

आता जे माहितीपत्रकात नसतं ते.

पहिला महिना. स्टायपेंड पहिल्या महिन्याच्या शेवटी हातात येत नाही. प्रवेश नक्की करताना २० हजार भरले होते, त्यावर हॉस्टेलची अनामत, गादी-बादली-पंखा. लॅपटॉप माझा जुना होता, त्यावर डेटाचं सॉफ्टवेअर चालेना, म्हणून ४८ हजारांचा नवा हप्त्याने घेतला. पहिला स्टायपेंड तिसऱ्या महिन्यात आला, दोन महिन्यांचा एकदम. तोवर घरच्या पैशावर होते. तुमच्या अडीच लाखांतले ऐंशी हजार या कामासाठी बाजूला ठेवा. त्यांना फी म्हणू नका, पण ते लागतात.

दुसरं, पहिली दोन वर्षं. सकाळी नऊपासून वर्ग, रात्री पेपर वाचायचे. माझ्या बॅचला सगळे पंचविशीतले, इंजिनिअर. गणिताने मला रडवलं. मुलगा पहिलं वर्ष माझ्या आईकडे नांदेडला होता. स्टायपेंड तेव्हा २७ हजार. मेस ४,२०० रुपये, दहा हजार घरी पाठवायचे, लॅपटॉपचा हप्ता, महिन्यातून एकदा गाडीने घरी. दुसऱ्या वर्षी विवाहितांसाठीचं दोन खोल्यांचं घर मिळालं आणि मुलाला घेऊन आले. सगळ्या ठिकाणी अशी घरं नाहीत, आणि जिथे आहेत तिथे यादी लागते. अर्ज करतानाच विचारा. "पोरगी कुणाकडं" हा सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तर घेऊनच घराबाहेर पडा.

दोन वर्षांनी कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा. ती पार पडली की स्टायपेंड वाढतो, माझा ३५ हजार झाला. परिषदांना जायला पैसे मिळतात, डेटाबेस संस्थेचे असतात. कंपन्यांच्या ताळेबंदाचा प्रोवेस तिथे बसल्या जागी उघडतो. बाहेर राहून तो घेणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. पण ताई, तुमचा खर्चीवाला प्रोवेसमध्ये सापडणार नाही. तुम्हाला मागाच्या शेडमध्ये जाऊन बसावं लागेल, दोनशे-तीनशे वह्या बघाव्या लागतील. त्याचा खर्च वेगळा, आणि त्यासाठी संस्था काय देते हेही आधीच विचारा.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते.

सगळे विचारतात, फी किती. खरा प्रश्न आहे, शेवटच्या वर्षी पैसे कोण देणार. मला चार वर्षांची हमी होती, पुढे एक वर्ष वाढवून मिळालं. २०२० च्या मार्चमध्ये माझं क्षेत्रकाम थांबलं, टाळेबंदी. ज्या दुकानदारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या त्यांची दुकानंच बंद. जून २०२२ मध्ये पाच वर्षं पूर्ण झाली आणि स्टायपेंड थांबला. थिसिस जमा केली जानेवारी २०२३ मध्ये. मधले सात महिने एक रुपया आला नाही. संस्थेने मला काढलं नाही, ग्रंथालय चालू होतं, गाइड रोज भेटत होते. फक्त खात्यावर काही जमा होत नव्हतं. मुलाची शाळेची फी त्याच महिन्यांत.

सप्टेंबरमध्ये मी पाटल्या गहाण टाकल्या. सासूबाईंनी लग्नात घातलेल्या. बँकेतल्या माणसाने त्या छोट्या तराजूवर ठेवल्या, ३८ ग्रॅम असं पावतीवर लिहिलं आणि विचारलं, "कारण काय लिहू, शेती की शिक्षण?" मी शिक्षण म्हटलं. त्याने वर बघितलं, मुलाचं का म्हणून. मी म्हटलं, माझं. ती पावती अजून माझ्या थिसिसच्या प्रतीत आहे. पाटल्या नोकरी लागल्यावर, २०२४ मध्ये सोडवल्या.

हे घाबरवायला सांगत नाही. मला पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा जाईन, पण पहिल्या स्टायपेंडपासून महिना तीन हजार वेगळे टाकीन. पाच वर्षांत एक लाख ऐंशी हजार होतात. माझे सात महिने त्यात निघाले असते.

म्हणून मुलाखतीच्या वेळी, किंवा आधी ईमेल करून, विचारा: मदत किती महिन्यांची, लेखी कुठे आहे, वाढवून द्यायचा अधिकार कुणाचा. आणि तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा की पैसे थांबल्यानंतर किती महिन्यांनी लोक थिसिस जमा करतात. ते खरं सांगतात. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

एक बारीक गोष्ट. मी गेले तेव्हा त्याला एफपीएम (फेलो प्रोग्रॅम इन मॅनेजमेंट) म्हणत आणि शेवटी "फेलो" मिळे. आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला आणि पदवी द्यायचा अधिकार मिळाला, म्हणून माझ्या हातात पीएचडी आली. आता ती शंका उरलेली नाही. कुणी जुन्या माहितीवर "आयआयएमची पीएचडी चालत नाही" म्हणाला तर लक्ष देऊ नका. लाखांत फी असलेला नोकरदारांचा एक्झिक्युटिव्ह डॉक्टरेट प्रोग्रॅम मात्र वेगळा. नाव सारखं वाटतं, त्यात स्टायपेंड नसतो. अर्ज करताना तेवढं बघा.

मेकर_चेकर

दुसरी_पाळी ताईंनी लिहिलेलं वाचून गप्प बसवेना. मी जेआरएफवर सरकारी विद्यापीठात कॉमर्समध्ये पीएचडी करतोय, तिसरं वर्ष.

पंचगंगाकाठ ताई, तुम्ही दोन नंबरच्या रस्त्याला "एक पैसाही मिळणार नाही" लिहिलंय. ते पार्ट-टाइमला खरं आहे. पूर्णवेळ केलंत आणि जेआरएफ असेल तर हेच ३७ आणि ४२ हजार तुम्हाला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात बसूनही मिळू शकतात. इचलकरंजीहून तीसेक किलोमीटर. मुलगी घरात, सासूबाई घरात, आणि तुमचे मागवाले तर दारातच.

वयाचं मात्र नीट ऐका. जेआरएफला ३० ची मर्यादा आहे, स्त्रियांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे ३५. वय परीक्षेच्या महिन्याच्या एक तारखेला मोजतात. तुमची पस्तिशी फेब्रुवारीत पूर्ण होतेय. म्हणजे डिसेंबरची नेट हीच हातातली शेवटची संधी. पुढच्या जूनला नेट देता येईल, पण जेआरएफ नाही. विषय मॅनेजमेंट, कोड १७. दोन्ही पेपर सलग तीन तासांत, ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. नऊ वर्षं फायनान्स शिकवताय, तो भाग तुमचाच आहे. वेळ एचआर, मार्केटिंग आणि पहिल्या पेपरला द्या.

पैसे कसे येतात तेही सांगतो, कारण माझं नाव त्यावरूनच आहे. फेलोशिप थेट तुमच्या खात्यावर येते, पण दर महिन्याला विद्यापीठाने पोर्टलवर तुमची हजेरी पक्की करावी लागते. एक माणूस भरतो, तो मेकर. दुसरा तपासून पुढे पाठवतो, तो चेकर. आमच्याकडचे चेकर बदलून गेले आणि नव्यांचं लॉगिन व्हायला चार महिने लागले. चार महिने काहीच नाही, मग एका दिवशी चारही एकदम. आता मी दर महिन्याच्या २० तारखेला स्वतः जाऊन टेबलापाशी उभा राहतो. रागाने नाही, आठवण म्हणून. तिथले कारकून भले आहेत, पण त्यांच्याकडे तीनशे नावं आहेत.

आकस्मिक खर्चाची रक्कम वेगळी: आपल्या शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १० हजार, पुढे २०,५००. पुस्तकं, टायपिंग, क्षेत्रकामाचा प्रवास त्यात बसतो. एसटीचं तिकीटसुद्धा जपून ठेवा. दोन वर्षांनी तीन जणांची समिती बसते, त्यात एक बाहेरचा तज्ज्ञ, आणि तिने मान्य केलं तर एसआरएफ, म्हणजे पुढचा वाढीव दर. ती बैठक वेळेवर लावून घेणं आपल्याच हातात असतं. माझी तीन महिने उशिरा झाली.

बखर

राज्यातल्या योजना कुणी लिहिल्या नाहीत, म्हणून थोडक्यात.

अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी, ओबीसी-भटके-विमुक्त-विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. या तिन्ही संस्था पीएचडीला फेलोशिप देतात आणि मॅनेजमेंट चालतं. अट अशी की आधी पीएचडीची नोंदणी पक्की झालेली हवी, अभ्यास पूर्णवेळ हवा आणि दुसरी फेलोशिप घेतलेली नसावी. जागा मर्यादित आणि जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरखर्च यावर बेतू नका. मिळाली तर आनंद.

आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप महिना २० हजार, वर्षाला २० हजार आकस्मिक, जास्तीत जास्त दोन वर्षं. रक्कम लहान आहे, पण तुमच्या विषयाला ती माणसं नक्की थारा देतील.

आणि एक विचारायचं राहून जातं. ताई, तुम्ही आई-वडिलांची एकुलती एक आहात का? यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप खास एकुलत्या एक मुलीसाठी आहे. भाऊ नको, बहीण नको, जुळ्या मुली असल्या तर चालतात. वयाची अट खुल्या गटाला ४० पर्यंत. नेट लागत नाही. दर जेआरएफसारखेच, मुदत पाच वर्षं. पीएचडी मात्र पूर्णवेळच हवी. तहसीलदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने साक्षांकित केलेलं आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागतं.

पंचगंगाकाठ

बखर, तुमचा प्रश्न वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. हो, मी एकटीच आहे. वडील असताना लोक त्यांना म्हणायचे, आठ माग आणि एक पोरगी, पुढं कोण चालवणार. या गोष्टीचा मला कधी उपयोग होईल असं कुणी सांगितलं नव्हतं. प्रतिज्ञापत्रासाठी आई आहे. तिला उद्याच विचारते.

दुसरी_पाळी ताई, तुमच्या पाटल्यांचं मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग स्वतःच कागद घेऊन ३७ गुणिले २४ करायला लागले. सासूबाईंनी कोल्हापूरचं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग संध्याकाळच्या गाडीनं घरी की."

आता नेमकं विचारते. घरी राहून कोल्हापूरला करता येत असेल तर आयआयएमचा विचार सोडून द्यावा का? आणि नोकरी कधी सोडू? कॉलेजात नुसतं कळलं तरी पुढच्या सत्राचं वेळापत्रक माझ्याशिवाय लागेल.

दुसरी_पाळी

नोकरी आता सोडू नका. नोंदणीचं पत्र हातात पडेपर्यंत नाही. फेलोशिपचा अर्जही नोंदणीनंतरच होतो, आणि अर्ज ते पहिला हप्ता यात बरेच महिने जातात. ते ऐंशी हजार मी हॉस्टेलसाठी सांगितले होते. तुम्ही घरी राहिलात तरी एक लाख वीस बाजूला ठेवा, या रिकाम्या महिन्यांसाठी. पोस्टातले एक लाख त्यात धरू नका, ते शेवटच्या वर्षाचे.

आयआयएमचं असं आहे. मला तिथे जे मिळालं ते पैशात सांगता येत नाही. माझा पहिला पेपर चार प्राध्यापकांनी फाडून काढला, आणि त्यातून मी लिहायला शिकले. मूल लहान असताना तो दरवाजा बंदच आहे असं मी म्हणणार नाही. कॅटचे, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात सुटतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर, नेट त्यानंतर. दोन्हींचा अभ्यास थोडाफार एकमेकांना लागू पडतो. कॅट देऊन ठेवा. काही आयआयएम जेआरएफवरही बोलावतात. मुलाखतीला बोलावलं तर जा, विवाहितांच्या घराचं विचारा, आणि मग तिघी मिळून ठरवा, तुम्ही, सासूबाई आणि मुलगी.

पण जायचं कुठेही असो, गाइड आधी शोधा. कोल्हापूरला असा माणूस बघा ज्याने लघुउद्योगाच्या उधारीवर किंवा खेळत्या भांडवलावर काही केलंय. भेटायला जाताना चार पानांचं टिपण न्या आणि ती लाल वही सोबत न्या. सुरुवात ४३बी(एच) च्या कलमाने करू नका, सगळे तशीच करतात. तिसरा रकाना उघडून समोर ठेवा आणि किती दिवसांनी पेन्सिल पुसली गेली ते मोजून सांगा. तारखा वहीतच आहेत. या आठवड्यात पहिल्या पन्नास ओळी मोजल्यात तर मला कळवा, पुढचं टिपण मी वाचून देते.

पंचगंगाकाठ

आत्ता बावीस ओळी मोजल्या. आई शेजारी बसून कुठल्या व्यापाऱ्याचं कुठलं सूत ते सांगतेय, ते वहीत नाहीच. बाविसातल्या चौदा ओळींत मजुरी ४५ दिवसांच्या पुढे गेलीय. सर्वांत लांबची १३१ दिवस, १९९८ ची दिवाळी. आई म्हणाली, त्या वर्षी तुला फ्रॉक नव्हता घेतला.

उरलेल्या अठ्ठावीस उद्या.